आयरिश स्वातंत्र्ययुद्धाच्या साक्षी: कुठे शोधायच्या, कशा वाचायच्या

आयर्लंडचा ब्रिटिशांविरुद्धचा लढा लढणाऱ्यांच्याच तोंडून वाचायची सोय आज घरबसल्या आणि फुकटात आहे. ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्टरी या सरकारी कार्यालयाने १९४७ पासून दहा वर्षं साक्षी गोळा केल्या. अशा १,७७३ साक्षी २००३ पर्यंत कुलुपात होत्या. आता त्या आयरिश लष्करी अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर आहेत. अडचण एकच, साक्ष हातात आली की ती खरीच वाटायला लागते.

सुरुवात माणसापासून नको, एका दिवसापासून करा. माणूस निवडलात की त्याचीच बाजू घेऊन बसाल. २१ जानेवारी १९१९ हा दिवस घ्या. टिपररी परगण्यात सोलोहेडबेगच्या दगडखाणीकडे जिलेटिन नेणारी गाडी आयरिश व्हॉलंटिअर्स या सशस्त्र संघटनेच्या स्वयंसेवकांनी अडवली आणि सोबतचे दोन पोलीस ठार झाले. त्याच दिवशी डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये पहिली डॉइल, म्हणजे आयरिश लोकसभा, भरली होती. या हल्ल्याला तिची परवानगी नव्हती.

आता या हल्ल्यात असलेल्या दोघांच्या साक्षी शेजारी शेजारी उघडा: क्रमांक १७२१, शेमस रॉबिन्सन, क्रमांक १७३९, डॅन ब्रीन. ब्रीन सरळ सांगतो की युद्ध पेटवायचं म्हणून पोलिसांना मारायचं हे आधीच ठरलं होतं. रॉबिन्सन हुद्द्याने वरचा, आणि ब्रीनला मिळालेलं पुढारपण त्याला मान्य नाही. वहीत तीन रकाने आखा: दोघांनाही मान्य असलेलं, एकानेच सांगितलेलं, आणि दोघांत न जुळणारं. तिसरा रकाना भरला की खरं काम सुरू होतं. शॉन ट्रेसी हा तिसरा महत्त्वाचा माणूस, पण तो ऑक्टोबर १९२० मध्ये डब्लिनच्या टॅलबट स्ट्रीटवर गोळीबारात पडला. त्याची बाजू तुम्हाला इतरांच्या तोंडूनच मिळणार. जे मेले आणि ज्यांनी साक्ष द्यायचं नाकारलं, त्यांची यादीही वहीत ठेवा.

प्रत्येक साक्षीची शेवटची तारीख आधी पाहा. १९१९ ची घटना १९५० च्या दशकात सांगितलेली असते. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत ब्रिटिशांशी झालेल्या तहावरून आयरिशांमध्येच यादवी होऊन गेली, मैत्र्या तुटल्या, पुस्तकं आणि वर्तमानपत्रं वाचून झाली. शिवाय बरेचदा चौकशी अधिकारी बोलणं ऐकून मजकूर लिहून काढत आणि साक्षीदार खाली सही करत. त्यामुळे वाक्यं गुळगुळीत दिसली तर ती लढवय्याचीच आहेत असं धरू नका. तारखा आणि माणसांचे आकडे सर्वांत आधी घसरतात. रस्ता, कुंपण, कोण कुठे आडवा पडला होता हे त्या मानाने पक्कं असतं, असा आमचा अनुभव.

साक्षींची हद्द ११ जुलै १९२१ च्या युद्धविरामापाशी संपते. पुढच्या यादवीसाठी त्याच अभिलेखागारातला निवृत्तिवेतनाचा संग्रह बघा. १९२४ च्या कायद्याने पेन्शन मुख्यतः तहाच्या बाजूने राष्ट्रीय सैन्यात गेलेल्यांना मिळाली. १९३४ च्या कायद्याने तहविरोधकांना आणि कमन ना मान या महिला संघटनेलाही दार उघडलं. ८० हजारांहून अधिक अर्ज आले, मंजूर झाले सुमारे १८ हजार. हे प्रमाण डोक्यात ठेवूनच फाइल वाचा. पेन्शन हुद्दा आणि सेवेच्या काळावर ठरत असे, म्हणून अर्जदार दोन्ही ताणून सांगतो आणि समिती दोन्ही कापते. अर्जापेक्षा समितीची उलटतपासणी आणि वरिष्ठांची पत्रं जास्त बोलतात. नामंजूर फाइल टाकून देऊ नका. निरोप पोचवणारी, हत्यारं लपवणारी बाई ‘सक्रिय सेवा’ या व्याख्येत कशी बसली नाही, ते तिथेच कळतं.

नाव सापडलं नाही तर बहुतेक वेळा स्पेलिंगचा घोळ असतो. आयरिश आणि इंग्रजी, दोन्ही रूपं टाका. आडनावापुढचं ‘ओ’ काढून पाहा, ‘मॅक’ जोडून आणि तोडून पाहा. गावांचंही तेच: आजचं कोव्ह तेव्हा क्वीन्सटाउन, डन लिअरी हे किंग्सटाउन, ऑफली हा किंग्ज काउंटी. वय, घर आणि भाषा पडताळायला २ एप्रिल १९११ ची जनगणना राष्ट्रीय अभिलेखागारात मोफत आहे. त्याआधीची फक्त १९०१ ची पूर्ण मिळते. एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांची बरीच पानं जून १९२२ मध्ये डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीच्या आगीत गेली, तेव्हा ती शोधत आठवडा घालवू नका.

भारताचा धागा हवा असेल तर कनॉट रेंजर्स या ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश पलटणीचं बंड घ्या. जून १९२० मध्ये जालंधरच्या छावणीत आयरिश सैनिकांनी कामाला नकार दिला, ते लोण सोलनला पोचलं, आणि २ नोव्हेंबरला बंडखोर सैनिक जेम्स डेलीला दगशाईत गोळ्या घातल्या. या सैनिकांसाठी १९३६ चा वेगळा पेन्शन कायदा होता. त्यांच्या फाइली त्याच संग्रहात आहेत, पण त्या कायद्याच्या नावाखाली शोधा. जालंधर तिथे ‘जुलंदर’ आणि सोलन ‘सोलॉन’ अशा जुन्या स्पेलिंगांत येतात.