जुना मातीचा तलाव: परतीच्या पावसाआधीची पाहणी आणि दुरुस्ती

सोलापूर जिल्ह्यातल्या खासगी मालकीच्या जुन्या तलावांत वर्षभर पाणी क्वचितच टिकतं. मार्चपर्यंत तळ उघडा पडतो, मे महिन्यात भरावाच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या, काळ्या मातीला हात जाईल अशा भेगा पडतात, जून-जुलैत नुसते ढग वाहतात. मग सप्टेंबरात एका रात्रीत ओढा येतो आणि सकाळी तळं काठोकाठ. महिनोन्‌महिने वाळलेल्या भरावावर पाण्याचा सगळा दाब एकदम येतो, भेगा फुगून मिटायच्या आत पाणी त्यांत शिरतं. म्हणून इकडे दुरुस्ती उन्हाळ्यात उरकायची आणि पहारा पहिल्या भरतीला द्यायचा.

तलाव जुना आहे एवढ्यावरून घाबरू नका. सोलापूरजवळचा एकरुख तलाव १८७१ सालचा, तोही मातीच्या भरावाचाच. आणि आपला छोटा आहे म्हणून निश्चिंतही राहू नका. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंच धरणांना लागू होतो. चार-सहा मीटरच्या तलावाची तपासणी करायला सहसा कोणी येत नाही, ती मालकानंच करायची.

सांडव्यापासून सुरुवात

सांडवा म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, आणि पाणी जिच्यावरून ओलांडतं ती तिची कड म्हणजे उंबरा. गवंड्याची पाणीनळी, म्हणजे दोन जागांची पातळी ताडायची पाणी भरलेली नळी, घ्या. एक टोक सांडव्याच्या उंबऱ्यावर धरा, दुसरं भरावाच्या माथ्यावर दर पाच मीटरला लावत जा आणि आकडे वहीत लिहा. सरासरी काढू नका, सगळ्यात खालचा बिंदू शोधा. तो बहुधा ओढ्याच्या जुन्या पात्रावर, म्हणजे मधोमध निघतो. तिथं भराव सगळ्यात उंच असतो, म्हणून बसतोही जास्त.

आता हिशेब. पाणलोट १०० हेक्टर, तासाला ६० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर सेकंदाला सुमारे ८.३ घनमीटर पाणी येतं. दहा मीटर रुंदीच्या सांडव्यावरून ते जायला उंबऱ्यावर सुमारे ६२ सेंटिमीटर पाणी चढावं लागतं. माथा उंबऱ्यापेक्षा एक मीटर उंच असेल तर ३८ सेंटिमीटर शिल्लक. पण रब्बीच्या ज्वारीला एक पाणी जास्त मिळावं म्हणून कुणी उंबऱ्यावर ३० सेंटिमीटर गोण्या रचल्या, की उरले ८. त्यात माथा मधोमध १५ सेंटिमीटर बसलेला असला, की पाणी सांडव्याबरोबर भरावावरूनही जाणार. माती ते सोसत नाही. बाहेरच्या उताराचा पायथा आधी कापला जातो, तो काप वर सरकत माथ्याला पोचतो, आणि एकदा पोचला की थांबवता येत नाही.

म्हणून सांडव्यावर फळ्या, गोण्या, माती काहीही चढवू नका. मासे अडवायला लावलेली जाळी पहिल्या पुरात पाचट आणि बाभळीच्या फांद्यांनी भरून भिंतीसारखी होते, तीही काढा. सांडव्याची चर भरावाच्या पायथ्याला घासून जात असेल तर मध्ये दगडी आडभिंत घाला. चरीच्या शेवटी पाणी पडून खड्डा झाला असेल तर तो मोठ्या दगडांनी भरा. तसाच राहिला तर दरवर्षी मागे सरकत उंबऱ्याखाली येतो.

बसलेला माथा उचलताना वरचं गवत खरवडून काढा, पृष्ठभाग ओला करून कुदळीनं खडबडीत करा, मग १५-१५ सेंटिमीटरचे थर देऊन धुम्मस करा, म्हणजे जड ठोकळ्यानं ठोकून घट्ट करा. कोरड्या मातीचा ढीग नुसता ओतला तर जुन्या-नव्याच्या सांध्यातून पाणी निघतं.

भेगा

जाळीसारख्या, बोटभर खोल भेगा काळ्या मातीला पडणारच. भरावाला आडवी, पाण्याच्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे जाणारी भेग मात्र एकही सोडू नका, पाण्याला ती आयता रस्ता आहे. तिची खोली काठी घालून कळत नाही. भेगेत पातळ कालवलेला चुना ओता, वाळू द्या, मग खणा. पांढरी रेघ जिथं संपते त्याच्याखाली आणखी ३० सेंटिमीटर जायचं. चर धुम्मस मावेल इतकी रुंद आणि कडा तिरप्या ठेवा. छातीइतकी खोल झाली तर कडा अजून पसरट केल्याशिवाय माणूस आत उतरवू नका.

भरायच्या मातीची ओल मुठीत कळते. लाडू वळला पाहिजे, तळहात ओला होता कामा नये, आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे दोन-चार तुकडे व्हावेत. सगळा भुगा झाला तर कोरडी, चपटा झाला तर चिखल. वरून २० सेंटिमीटर मुरूम पसरा, म्हणजे खालची काळी माती पुढच्या मेमध्ये पुन्हा तडकत नाही. भेगेत सिमेंटचं पाणी सोडण्याचा उद्योग बरेच जण करतात, पण माती आकसते, सिमेंट आकसत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी शेजारी नवी भेग पडते.

माथ्याला समांतर, कमानीसारखी भेग असेल आणि तिच्या खालची बाजू बोटभर खचली असेल, तर ती भेग नव्हे, उतार घसरायला लागलाय. हात लावू नका, वर प्लास्टिक झाकून पावसाचं पाणी अडवा आणि मातीकामातला अभियंता आणा.

झाडं, बिळं, पाइप

वेडी बाभूळ मनगटाएवढी व्हायच्या आत मुळासकट उपटा. मोठं झालेलं झाड नुसतं तोडून बुंधा ठेवणं सगळ्यात वाईट, मुळं कुजतात आणि भरावात पोकळ नळ्या राहतात. तळं कोरडं असताना मुळं खणून काढा आणि खड्डा थरांनी भरा. पायथ्यापासून पाच मीटर मोकळं ठेवा. हरळी मात्र राहू द्या, माती तीच धरून ठेवते. फक्त ती घोट्याच्या वर वाढू देऊ नका, नाहीतर बिळं दिसत नाहीत.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि राज्यभर थट्टा झाली. थट्टा रास्तच होती. पण छोट्या भरावात घुशींची आणि खेकड्यांची बिळं पाण्याची वाट निम्म्यावर आणू शकतात. बिळाच्या तोंडात पाइपाचा दोन फुटी तुकडा उभा बसवा, भोवती माती ठोका, आणि नऊ घमेली माती, एक घमेलं सिमेंट यांचं ओतता येईल असं कालवण वरून सोडत राहा. पातळी खाली जायची थांबली की पाइप काढून तोंड बंद करा. ही युक्ती कोरड्या तळ्यातल्या बिळांसाठी आहे. बाहेरच्या बाजूला पाणी झिरपत असलेलं भोक असं बुजवू नका, कारण पुढे येईल.

माणसानं केलेली भोकं याहून घातक. मोटारीची पीव्हीसी लाइन भराव फोडून नेलेली असते. गोल पाइपाच्या पोटाखाली धुम्मस पोचत नाही, तिथूनच पाणी माती धुवायला लागतं. अशी लाइन उकरून चर थरांनी भरा आणि पाइप माथ्यावरून न्या. पाझराच्या लोभानं पायथ्याला लागून विहीर पाडू नका. गाळ काढताना जेसीबी पाण्याच्या बाजूच्या पायथ्यापासून दहा मीटर लांब ठेवा, तिथला गाळ भरावाखालची गळती रोखतो. उसाच्या ट्रॉल्या माथ्यावरून जात असतील तर चाकोऱ्या दरवर्षी भरा.

पहिली भरती

आत एका दगडावर दर १० सेंटिमीटरला रंगाच्या खुणा करा. बाहेरच्या पायथ्याला पाझर एका चरीत गोळा करून १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते रोज लिहा. पाझर जास्त असेल तर चरीत आडवा पत्रा बसवून त्याला वरून टोक खाली असलेली काटकोनी खाच पाडा. खाचेत ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर, १० सेंटिमीटर म्हणजे जवळपास साडेचार लिटर. तळ्याची पातळी तीच आणि पाझर वाढला, तर आत वाट रुंदावतेय.

रंगही पाहा. पाण्याची काचेची बाटली रात्रभर ठेवा. सकाळी तळाला साका दिसला, तर तो तुमचा भराव आहे. स्वच्छ पाझरासह तलाव वर्षानुवर्षं टिकतो, गढूळ पाझरासह तो उद्यापर्यंतही टिकेल असं धरू नका.

पायथ्याला पाणी उकळी फुटल्यासारखं उसळत असेल तर वर माती किंवा प्लास्टिक दाबू नका, ते शेजारी फुटेल. आधी जाड वाळू, वर खडी, वर दगड असा ढीग द्या. पाणी निघू द्यायचं, माती अडवायची. भोवती गोण्यांचं कडं रचून आतलं पाणी थोडं चढलं की जोर कमी होतो. लगेच तळं उतरवायला घ्या. तळ्याचं पाणी सोडायची झडप गंजून अडकली असेल तर ११० मिलिमीटरच्या पाइपाचा सायफन माथ्यावरून टाका, मात्र पाण्याच्या पातळीपासून माथ्याची उंची पाच मीटरच्या आत हवी. घाई नसेल तेव्हा दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवू नका, ओला भराव आतल्या बाजूनं घसरतो.

पाणी माथ्याला टेकायला आलं, तर भराव फोडू नका. टोकाला, भरावापासून लांब, कठीण मुरमात जादा वाट काढा. खालच्या ओढ्याकाठच्या वस्त्यांना आधी फोन, मग पोलीस पाटील, तलाठी, ११२ आणि जिल्ह्याचा आपत्ती क्रमांक १०७७. खालच्या फरशी पुलाच्या दोन्ही तोंडांना बॅटरी घेऊन माणसं उभी करा आणि रात्रीची वाहनं तिथंच थांबवा.