फोटो किती मोठा निघेल, ते आधी बघून घ्या

गिऱ्हाईक येतं आणि काउंटरवर मोबाईल ठेवतं. "वडिलांचा फोटो आहे, वीस बाय तीस करा. परवा वर्षश्राद्ध आहे." मोबाईलवर फोटो कसा लख्ख दिसतो! पण तो भावाने काकांना आणि काकांनी ग्रुपवर असा व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला असतो. डिटेल्स उघडले की 1200 बाय 1600.

हे आकडे म्हणजे पिक्सेल, फोटो ज्यांनी बनतो ते बारीक ठिपके. लांब बाजूच्या पिक्सेलना प्रिंटच्या लांब बाजूच्या इंचांनी भागायचं. 1600 भागिले 30, म्हणजे इंचाला जेमतेम 53. चेहरा फुटणारच. हाच फोटो चार बाय सहाला 266 देतो, झकास निघतो.

हातात धरून बघायच्या अल्बमला मी 300 धरतो. भिंतीवरच्या बारा बाय अठराला 200 पुरतात, वीस बाय तीस चार पावलांवरून बघतात म्हणून 130-150 वरही काढून देतो. शंभराच्या खाली गेलं की मीच नको म्हणतो. चौकातल्या फ्लेक्सचं गणित वेगळं, तो रस्त्यापलीकडून बघायचा असतो. आणि फाईलवर '300 डीपीआय' (म्हणजे इंचाला 300 ठिपके) लिहिलंय म्हणून भांडू नका, तो नुसता शिक्का असतो. पिक्सेल आहेत तेवढेच राहतात.

म्हणून ज्याने फोटो काढला त्याच्याकडूनच मूळ फाईल मागवा, व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून. 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 बाय 3000 असतो, तीस इंचाला 133 बसतात. ग्रुप फोटोतून एकट्याचा चेहरा कापणार असाल, तर मात्र कापल्यावर उरलेले पिक्सेल मोजा. लग्नाच्या फोटोतले आजोबा बऱ्याचदा 500 पिक्सेलांचेच निघतात!

आकडा पुरला तरी फोटो हललेला असू शकतो. पूर्ण झूम करून पापण्या बघा. केस सुटे दिसले तर ठीक, मेणासारखे चिकटलेले असले तर लहान साईज घ्या. तरी शंका असेल तर मी काय करतो सांगतो. या 4000 वाल्या फाईलमधून चेहऱ्याचा 800 बाय 533 पिक्सेलचा तुकडा कापतो आणि चार बाय सहावर छापतो. मोठ्या प्रिंटमध्ये चेहरा जसा येणार, अगदी तसाच हातात येतो.

एक राहिलं. मोबाईलचा फोटो चारास तीन, वीस बाय तीस तीनास दोन. उभ्या फोटोच्या दोन्ही कडा कापल्या जातात, त्यामुळे शेजारी उभ्या आईचा खांदा जाणार का, ते फ्रेम सांगण्याआधी बघा.