बंदर प्राधिकरणाकडे गावाचा प्रश्न नेताना

मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराला जाणारा उरणकर एकाच लाँचमधून दोन कारभारांच्या हद्दीत फिरतो. धक्का मुंबई बंदर प्राधिकरणाचा, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतला. मोरा बंदर महाराष्ट्र सागरी मंडळाचे, म्हणजे राज्याचे. ओहोटीच्या वेळी मोऱ्याच्या गाळाने लाँच अडली, तर मुंबई बंदराला अर्ज करून काहीही निष्पन्न होत नाही. म्हणून आपला प्रश्न नेमका कोणाच्या दारातला आहे, हे अर्ज लिहिण्यापूर्वी ठरवावे.

न्हावा-शेवा येथे १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराचेच पाहा. जमीन, नौकानयन मार्ग आणि त्यातला गाळ काढणे ही कामे प्राधिकरणाची. कंटेनरची चढउतार मात्र खाजगी कंपन्या कराराने चालवतात. त्यामुळे टर्मिनलवरच्या नोकरीचा अर्ज आणि खाडीत टाकलेल्या भरावाची तक्रार एकाच कागदावर लिहू नये. पाण्याच्या प्रदूषणाच्या तक्रारीची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळालाही द्यावी, आणि प्रत्येक कागदाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

प्राधिकरणाचा कारभार २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने चालतो. प्राधिकरणाच्या मंडळावर राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण व सीमाशुल्क यांचा प्रत्येकी एक सदस्य आणि कामगारांचे दोन प्रतिनिधी असतात. मच्छीमारांसाठी किंवा प्रकल्पग्रस्तांसाठी राखीव जागा नाही, ही माझ्या मते या कायद्यातली मोठी उणीव आहे. ती दूर होईपर्यंत राज्याच्या सदस्याला आपल्या निवेदनाची प्रत धाडणे हाच त्यातल्या त्यात जवळचा मार्ग. शिक्षण, आरोग्य, कौशल्य प्रशिक्षण यांवर निधी खर्च करण्याची मुभाही हाच कायदा देतो, तेव्हा गावाची मागणी ग्रामसभेच्या ठरावासह आणि खर्चाच्या अंदाजासह पाठवावी.

माहिती अधिकारात एक बारीक अडचण नेहमी येते. राज्याच्या कार्यालयात चालणारा १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प केंद्राच्या प्राधिकरणाला चालत नाही; तिथे पोस्टल ऑर्डर जोडावी किंवा ऑनलाइन भरणा करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते.

सर्वांत जास्त तयारी लागते ती प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी होणाऱ्या जनसुनावणीला. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी घेतात. निर्णय त्या मंडपात होत नाही, तिथे फक्त नोंद होते, हे विसरू नये. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची सुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी झाली आणि पुढच्याच महिन्यात पर्यावरण मंजुरी मिळाली. सुनावणी आटोपल्यावर कागद जमवायला बसणाऱ्यांच्या हाती असे किती दिवस उरतात, ते यावरून दिसते.

‘आम्हाला बंदर नको’ एवढेच बोलून खाली बसणाऱ्याची नोंद एका ओळीत संपते. त्याऐवजी, ‘या खाडीच्या तोंडाशी इतक्या वाव (खोलीचे माप) पाण्यात आमच्या इतक्या डोली (मासेमारीची जाळी) लागतात, भरावाने हीच जागा जाणार आहे, आणि अहवालाच्या अमुक पानावर तिचा उल्लेख नाही’ असे सांगून तेच लेखी द्यावे. सुनावणीचे चित्रीकरण होते आणि शेवटी कार्यवाहीचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवावा लागतो. भाषणे संपली म्हणून उठून न जाता तो गोषवारा ऐकावा आणि आपला मुद्दा गळला असेल तर तिथेच हरकत घ्यावी.

मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला आणि त्यातला मोठा वाटा जवाहरलाल नेहरू बंदरावर टाकला. अशा दाव्यात कुटुंबागणिक पुरावा लागतो. होडीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, मच्छीमार सोसायटीचे सभासदत्व आणि मासळी विक्रीच्या पावत्या यांच्या प्रती वर्षवार लावून ठेवाव्यात. विकणारी घरातली बाई असेल, तर तिच्या बाजारातल्या जागेची पावतीही त्यात हवी. बहुतेक यादीत नेमकी तीच राहून जाते.