स्वालबार्डचा जुना नकाशा आजच्या नकाशावर कसा बसवायचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, स्वालबार्डला, म्हणजे आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या बेटांवर, डोंगर जागेवर आहेत पण बर्फ जुन्या जागी राहिलेला नाही. मी पहिल्यांदा हिमनदीच्या टोकालाच कंट्रोल पॉइंट (दोन्ही नकाशांवर जुळवायची एकच जागा) दिला आणि अख्खं शीट, म्हणजे स्कॅन केलेला जुना नकाशा, वाकडं बसलं, दोन तास स्कॅनलाच शिव्या घालत बसलो.

शीट नॉर्वेच्या पोलर इन्स्टिट्यूटच्या १:१,००,००० सिरीजमधलं घ्या. यातल्या बऱ्याच शीट्सचा पाया १९३६ आणि १९३८ चे विमानातून काढलेले फोटो आहेत. म्हणजे छापल्याचं साल एक आणि बर्फ दिसतो तो भलत्याच सालचा, त्यामुळे समासातली बारीक टीप आधी वाचायची, मग पुढचं. फोटो तिरके होते हेही विसरू नका, सुळक्याच्या मागची दरी कॅमेऱ्याला दिसतच नाही, तिथल्या कंटूरवर (समान उंचीच्या रेषांवर) फार विसंबू नका. हे मूळ फोटो टोपोस्वालबार्ड या साइटवर फुकट बघता येतात, शंका आली की तिथे जाऊन खात्री करायची.

आता क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्सर, म्हणजे स्कॅन नकाशावर बसवायचं साधन, उघडा. शीटवर ग्रिड छापलेली असेल तर तिचे छेद घ्या, पण डेटम (कोऑर्डिनेट कशाच्या आधारे मोजलेत ते) बघून, जुन्या शीटवर ईडी५० असतो आणि आजचा डेटा ईटीआरएस८९ यूटीएम झोन ३३ मध्ये, यात गल्लत केली की सगळं थोडं सरकलेलं दिसतं आणि कारण काही कळत नाही. ग्रिड नसेल तर उघड्या खडकाची शिखरं घ्या, आठ-दहा तरी, चारही कोपऱ्यांत पसरलेली. ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे स्कॅन बसवायची पद्धत, साधं पॉलिनॉमिअल १ ठेवा. थिन प्लेट स्प्लाइन ही दुसरी पद्धत सगळे पॉइंट ओढून-ताणून जुळवतं, म्हणजे चुकलेला पॉइंटसुद्धा शहाण्यासारखा दिसतो!

नकाशावरची नॉर्वेजियन नावं वाचता आली तर काम सोपं होतं, नावाच्या शेवटी ब्रेन असलं की हिमनदी, फ्येलेट म्हणजे डोंगर, टोप्पेन म्हणजे शिखर, हालव्योया म्हणजे द्वीपकल्प. पण नावावरही जाऊ नका. स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुंडला आपलं भारताचं हिमाद्री संशोधन स्टेशन आहे ना, गोव्याची एनसीपीओआर ही ध्रुवीय संशोधन संस्था चालवते ते, त्याच्या समोरच्या किनाऱ्याला ब्लोमस्ट्रांडहालव्योया आहे. नाव द्वीपकल्पाचं, जुन्या शीटवर जमिनीला चिकटलेलं, पण मधला बर्फ मागे हटल्यावर १९९० च्या दशकात कळलं की ते बेट आहे. शीट बसवून झालं की तिथे झूम करा, शिखरं जुळली आणि बर्फाच्या जागी आज पाणी दिसलं तर शीट बरोबर बसलंय.