पैशांची ओढाताण असताना नाताळ: या चुका टाळा

नाताळ सरला की अनेक घरांत एकच प्रश्न उरतो: फार काही घेतलं नाही, मग पैसे गेले कुठे? बहुतेक वेळा ते एखाद्या मोठ्या खरेदीत गेलेले नसतात. ते गेलेले असतात कुणी न मागितलेल्या, पण ‘द्यायलाच हव्यात’ असं वाटलेल्या गोष्टींत. आईला वाटतं मुलं हिरमुसतील, मामाला वाटतं हात हलवत गेलं तर बरं दिसणार नाही, आजीला वाटतं पूर्वीइतकंच सगळं झालं पाहिजे. प्रत्येकजण दुसऱ्याच्या मनातलं ओळखून खर्च करतो आणि विचारत कुणीच नाही. खालच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी हे न बोलणंच आहे.

बजेट म्हणजे फक्त भेटवस्तूंची यादी असं समजणं

यादीत सहा जणांच्या भेटी लिहिल्या, बेरीज केली, जमतंय असं वाटलं. पण वेष्टनाचा कागद, पार्सलचा खर्च, गावाला जाण्यायेण्याचं भाडं, मुलांच्या शाळेतला कार्यक्रम, खेळण्यातली बॅटरी, चर्चमधलं दान, अचानक आलेले पाहुणे आणि सुट्टीत घरी असलेल्या माणसांचं रोजचं खाणं, यातलं काहीच त्या बेरजेत नसतं. हात तंग असतो तेव्हा हीच किरकोळ रक्कम महागात पडते.

म्हणून उलट्या बाजूने सुरुवात करा. आधी एकूण आकडा ठरवा. घरभाडं, वीज, औषधं, शाळेची फी आणि जानेवारीचा किराणा बाजूला काढल्यावर जे हातात उरतं, तो हा आकडा. मिळेल अशी आशा असलेला बोनस त्यात धरू नका. तो मिळालाच तर जानेवारीला उपयोगी पडेल. मग त्या आकड्याचे तुकडे पाडा: प्रवास, जेवण, भेटी, दान, किरकोळ. भेटींचा क्रम मुद्दाम मागे ठेवा. शक्य असेल तर ही रक्कम रोख काढून वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. पाकीट पातळ होताना डोळ्यांना दिसतं, फोनवरून पैसे देताना ते जाणवत नाही.

घरच्यांपासून परिस्थिती लपवणं

ही चूक मला सगळ्यांत मोठी वाटते. नोकरी गेलेली असते, दुकान मंदावलेलं असतं, आजारपणात पैसा गेलेला असतो, आणि तरीही ‘निदान नाताळात तरी मुलांना कळायला नको’ म्हणून आईवडील एकटेच ओझं वाहतात. मुलांना ते कळतंच. नेमकं काय झालंय हे त्यांना ठाऊक नसतं, पण घरातला ताण त्यांना जाणवतो. न सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ मूल स्वतःपुरता लावतं आणि बरेचदा दोष स्वतःकडे घेतं.

सांगण्याची वेळ नोव्हेंबरची. यादी तयार झाल्यावर, अपेक्षा पक्क्या झाल्यावर सांगितलं तर ते काढून घेतल्यासारखं वाटतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं: “या वर्षी प्रत्येकाला एक भेट मिळणार. तुला सगळ्यांत जास्त काय हवंय, ते आपण मिळून ठरवू.” दहा-बारा वर्षांच्या मुलाला आकडा दाखवता येतो. त्याला विचारा की यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं. निवडीत हात असलेलं मूल उणिवेची तक्रार फार कमी करतं. किशोरवयीन मुलांना खरं कारणही सांगा, फक्त घर चालवण्याची काळजी त्यांच्या खांद्यावर टाकू नका. “आमचं आम्ही पाहतो आहोत” हे वाक्य त्या बोलण्यात असायलाच हवं.

सांताबद्दल एक विनंती. लहान मुलांच्या घरी सांता येत असेल तर त्याच्या नावाने छोटी भेट द्या आणि मोठी भेट आईबाबांच्या नावाने. कारण सुट्टीनंतर मुलं वर्गात एकमेकांना विचारतात. एकाला सांताने सायकल दिली आणि दुसऱ्याला रंगपेटी, तर दुसऱ्याच्या मनात येतं की आपण कमी चांगले वागलो असू. तुमच्या घरी यंदा सायकल परवडत असली, तरी दुसऱ्याच्या मुलासाठी हे पाळा.

परिस्थितीची लाज वाटत असेल तर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय चोविसाव्या वचनापर्यंत वाचा. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा अर्पणाचा नियम तिथे सांगितला आहे: होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिलं. मोशेच्या नियमशास्त्रात अशा वेळी कोकरू सांगितलेलं होतं. ज्यांना ते परवडत नसे, त्यांच्यासाठी पक्ष्यांची मुभा होती. लूक कोकराचा उल्लेखच करत नाही. ज्या कुटुंबाचा हा सण आहे, त्या कुटुंबाने गरिबांसाठीची मुभा घेतली होती, असाच त्याचा अर्थ घेतला जातो.

सगळ्यांनी सगळ्यांना भेटी देणं

आठ माणसांच्या कुटुंबात प्रत्येकाने बाकीच्या सातांना भेट दिली तर 56 भेटी होतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाच्या वाट्याला एकच नाव आलं तर 8. कमी पैशांत हा एकच बदल करता आला तरी सणाचं चित्र पालटतं, आणि ज्याला भेट द्यायची त्याचा नीट विचार करायला उसंत मिळते.

मात्र चिठ्ठ्यांचा बेत फसतो तो तीन ठिकाणी. तो डिसेंबरमध्ये सुचवला जातो, तोवर निम्म्या लोकांची खरेदी झालेली असते. रकमेची मर्यादा ‘साधारण’ ठेवली जाते, मग ज्याची ऐपत जास्त तो जास्त देतो आणि बाकीचे संकोचतात. आणि नवऱ्याला बायकोचंच नाव येतं, मग ती दोघं पुन्हा वेगळ्या भेटी घेतात. म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच चिठ्ठ्या टाका, कमाल रक्कम स्पष्ट लिहा आणि जोडप्यांना एकमेकांची नावं येऊ देऊ नका. मुलांना यातून वगळायचं की नाही, हेही तेव्हाच ठरवा.

हे सुचवायचं कसं, याची धास्ती अनेकांना असते. सरळ सांगा: “यंदा आमचे हात बांधलेले आहेत. मोठ्यांनी चिठ्ठ्या टाकूया का?” असं कुणीतरी बोलावं याची वाट पाहणारं आणखी एक घर नात्यात बहुधा असतंच.

महागडी भेट जास्त आनंद देते या समजुतीला अभ्यासाचाही फारसा आधार नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 साली विद्यार्थ्यांना नाताळच्या भेटींची किंमत विचारली होती. घेणाऱ्याच्या लेखी भेटीचं मोल, देणाऱ्याने मोजलेल्या पैशांपेक्षा एक दशांश ते एक तृतीयांशाने कमी भरलं. तोटा जास्त होता तो क्वचित भेटणाऱ्या नातलगांच्या भेटींत, आणि जवळच्या मित्रांच्या भेटींत कमी. माणूस माहीत असला की पैसा कमी वाया जातो. तेव्हा दूरच्या नातलगाला वस्तूऐवजी हाताने लिहिलेलं पत्र पाठवा. पानभर लिहा, त्यांची एखादी आठवण लिहा.

पुढच्या वर्षाच्या पैशांनी हा सण करणं

क्रेडिट कार्डावर महिन्याला 3 टक्के व्याज असेल तर चक्रवाढीने ते वर्षाला जवळपास 43 टक्के होतं. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर बराचसा हप्ता व्याजातच जातो. शिवाय थकबाकी असताना बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे जानेवारीचा किराणाही व्याजाने येतो. ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ प्रकारचे छोटे हप्ते एकेकटे हलके वाटतात. चार ठिकाणी घेतले की फेब्रुवारीत चारही एकाच आठवड्यात येतात. भेट म्हणून घेतलेली वस्तू हप्ते संपण्याआधीच अडगळीत जाणार असेल तर ती घेऊ नका.

हाताने केलं म्हणजे स्वस्त पडेल असं धरून चालणं

नेहमी पडतंच असं नाही. लोकर, चौकट, बरण्या, रंग, गोंद सगळं नव्याने विकत आणलं तर तयार वस्तूपेक्षा जास्त खर्च होतो, आणि अर्धवट राहिलं तर 23 तारखेला बाजारात धावावं लागतं ते वेगळंच. जे तुम्हाला आधीपासून येतं आणि ज्याचं सामान घरात आहे, तेवढंच हाताने करा. नवी कला शिकायची असेल तर ती जूनमध्ये शिका.

वेळ भेट देण्याचंही असंच आहे. ‘तुला एक दिवस देईन’ असं सुंदर कार्ड लिहिलं जातं आणि तो दिवस येतच नाही. कार्डावर तारीख घाला. “दहा जानेवारीला सकाळी मी येतो, तुझं कपाट दोघं मिळून आवरू” ही भेट झाली. आजोबांचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून त्यांच्या लहानपणच्या गोष्टी नातवंडांना देणं, आईच्या पाककृती तिच्या शब्दांत वहीत उतरवणं, जुन्या फोटोंच्या मागे नावं आणि साल लिहिणं, या भेटींना पैसे जवळजवळ लागत नाहीत. लागतो तो निवांतपणा, आणि तो डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मिळत नाही.

सवलतीच्या पाटीला भुलणं

यादीत नसलेली वस्तू निम्म्या किमतीत मिळाली तरी तो खर्चच आहे. यादी हातात घेऊन जा आणि ती संपली की परत या.

जेवणाचा सगळा भार एकाच घराने उचलणं

पाहुण्यांना पदार्थ आणायला सांगण्यात कमीपणा काही नाही. पण “काहीतरी घेऊन या” म्हटलं तर तिघं गोडच आणतात. कुणी काय आणि किती जणांपुरतं आणायचं, हे नाव घेऊन सांगा. यजमानाने एक मुख्य पदार्थ करावा. ज्याच्या घरी यंदा अडचण आहे त्याला आणायचं काही न सांगता टेबल मांडणं, मुलांचे खेळ घेणं असं काम द्या, म्हणजे तोही मोकळेपणाने येईल.

सजावटीत पैसा घालून आगमनकाळ हातचा घालवणं

नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो, म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान. हे जवळपास चार आठवडे खर्चाचे नाहीतच, वाट पाहण्याचे आहेत. हा काळ नीट पाळलेल्या घरात 25 तारखेवर सगळा भार पडत नाही.

आगमनाच्या मेणबत्त्यांची सुरुवातच एका गरीब मुलांच्या घरात झाली. हॅम्बुर्गमध्ये अशा मुलांचा सांभाळ करणारे योहान हिन्रिक विखर्न यांना मुलं सारखी विचारत, नाताळ कधी? 1839 साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान, आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. गव्हाणीचा देखावाही असाच साधा. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये ग्रेच्चो गावात गव्हाणी, गवत, एक बैल आणि एक गाढव एवढ्यावर तो उभा केला. दुकानातल्या मूर्तींचा संच परवडत नसेल तर खोका, कोरडं गवत आणि मुलांनी मातीची किंवा कागदाची केलेली माणसं घ्या. बाळाची जागा 24 तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. मेणबत्त्या गवतापासून आणि झाडापासून दूर ठेवा, आणि खोलीत कुणी नसताना जळत्या सोडू नका. दिव्यांची माळ घ्यायचीच असेल तर एलईडीची घ्या, तिला जुन्या बल्बच्या माळेपेक्षा वीज खूप कमी लागते.

रोज संध्याकाळी पाच मिनिटं पुरतात: मेणबत्ती, एखादं वचन, एक गाणं, आणि दिवसभरात कुणासाठी काय केलं हे प्रत्येकाने सांगणं.

बेत आधीच बिघडला असेल तर

20 तारीख उजाडली आणि पाकीट रिकामं आहे. आता उधार घेऊ नका. यादीतल्या मोठ्यांना आजच फोन करा, यंदा भेटी नाहीत पण एकत्र जेवूया म्हणून सांगा. हाती आहे ते मुलांसाठी ठेवा. नाताळचा काळ 25 तारखेला संपत नाही, तो सुरू होतो. पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक, येशूच्या दर्शनाला आले त्याचं स्मरण 6 जानेवारीला असतं, आणि स्पेनसारख्या देशात मुलांना मुख्य भेटी मिळतात त्या तेव्हाच. दूरच्या नातलगांची भेट त्या आठवड्यात ठेवली तर प्रवासही बहुधा स्वस्त पडतो आणि घाईही नसते.

कुणी अनपेक्षितपणे महागडं काही आणलं तर परतफेडीसाठी धावू नका. मनापासून आभार माना आणि दोन दिवसांत एक चिठ्ठी लिहा. सकाळी मूल रडलं, “माझ्या मित्राला जास्त मिळालं” म्हणालं, तर उपदेश करू नका. “तुला ते हवं होतं, मला माहीत आहे” एवढं म्हणा आणि जवळ घ्या. वाईट वाटणं हा त्याचा हक्क आहे. थोड्या वेळाने त्याच्याबरोबर खेळायला जमिनीवर बसा.

आणि जेवणाचीच ददात असेल तर मदत मागा. बऱ्याच चर्चमध्ये आणि सामाजिक संस्थांमध्ये नाताळात शिधा किंवा मुलांच्या भेटी दिल्या जातात, पण नावनोंदणी बरेचदा डिसेंबरच्या आधीच होते. धर्मगुरूंशी किंवा ओळखीच्या कार्यकर्त्याशी नोव्हेंबरमध्येच बोला. उशीर झाला असला तरी बोला, राखून ठेवलेलं काही असू शकतं. पुढच्या वर्षासाठी यंदाचा खरा खर्च सण सरताच लिहून ठेवा, त्याला अकराने भागा, आणि जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत दर महिन्याला तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकत जा.