पत्र्याचा बेंड मापात कसा आणावा

ड्रॉइंगवरची मापं आतली की बाहेरची, ते आधी विचारून घ्या. इथे सगळी बाहेरची धरली आहेत. काम: २ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याचा यू चॅनल, ४० × १०० × ४०, प्रेस ब्रेकवर (पत्रा दाबून वाकवायच्या मशीनवर) ९० अंशांचे दोन बेंड.

१. जाडी मायक्रोमीटरने मोजा. बिलावरचा २ मिमी पत्रा १.९ही भरतो.

२. व्ही डाय (व्ही आकाराच्या खाचेचा खालचा साचा) घ्या, खाचेची रुंदी जाडीच्या आठपट, म्हणजे १६ मिमी. यावर ११ मिमीपेक्षा छोटी फ्लँज (वळलेली बाजू) वळत नाही, कड व्हीमध्ये घसरते.

३. वजावट काढा, म्हणजे बाहेरच्या मापांच्या बेरजेतून प्रत्येक बेंडमागे किती वजा करायचं ते ठरवा. माल बिघडतो तो इथेच. ‘आतल्या मापांची बेरीज करा आणि कापा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो चुकीचा आहे. ३८ + ९६ + ३८ म्हणजे १७२ मिमी, लागतात १७२.४ (हिशोब पुढे आहे). दोन बेंडला हा फरक खपून जातो. सहा बेंडच्या पेटीत मात्र तो १.२ मिमी होतो आणि झाकण बसत नाही.

सॉफ्टवेअरच्या के-फॅक्टरवरही (वाकताना न ताणणारा, न दबणारा थर जाडीत कुठे आहे तो आकडा) डोळे झाकून विसंबू नका. मोठी चूक बहुधा त्रिज्येत असते. एअर बेंडिंगमध्ये (पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना) बेंडची आतली त्रिज्या पंचाच्या (वरून दाबणाऱ्या हत्याराच्या) टोकावर ठरत नाही, डायच्या रुंदीवर ठरते: साध्या पत्र्याला रुंदीच्या साधारण १६ टक्के. १६ च्या डायवर ती २.६ मिमी येते. डिझायनरने २ भरली असेल, तर फ्लॅट पॅटर्न (वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याचं माप) तिथेच चुकला. ऑपरेटरने हाताशी आहे म्हणून १२ ची डाय लावली, तरी प्रत्येक बेंडला सुमारे ०.३ मिमी फरक पडतो.

म्हणून चाचणीची पट्टी वाकवाच. त्याच पत्र्यातून बरोबर १०० मिमी लांब, ५० मिमी रुंद पट्टी कापा, बर (कापलेल्या कडेवरची धारदार कूस) काढा, त्याच डायवर मधोमध वाकवा. कोन बेव्हल प्रोट्रॅक्टरने (कोनमापकाने) तपासा. ९१ अंशांवर घेतलेलं माप फुकट जातं. आता दोन्ही बाजू बाहेरून व्हर्नियरने मोजा. ५१.९ आणि ५१.९ आल्या, तर बेरीज १०३.८. मूळ १०० वजा केले की प्रत्येक बेंडची वजावट ३.८. अशा तीन पट्ट्या करा. पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेशी बेंडची रेषा पट्टीत आणि नगात सारखीच ठेवा.

४. कापायची लांबी: बाहेरच्या मापांची बेरीज १८० − दोन बेंडची वजावट ७.६ = १७२.४. बेंडची रेषा कडेपासून ४० − १.९ (निम्मी वजावट) = ३८.१ वर, बॅक गेज (कड टेकवायचा मागचा अडसर) तिथेच लावा.

५. भोकाची कड बेंडच्या रेषेपासून ८ मिमीच्या आत नको, भोक लंबगोल होतं.

६. स्प्रिंगबॅकसाठी (दाब सुटल्यावर बेंड थोडा उघडतो म्हणून) साधा पत्रा अंशभर जास्त दाबा. ३०४ स्टेनलेसला दोन-तीन अंश लागतात, आणि त्याची वजावटही वेगळी काढावी लागते.

७. पहिला नग पूर्ण मोजल्याशिवाय दुसरा कापू नका. माप बसलं की वजावट, डाय आणि मोजलेली जाडी मशीनवरच्या तक्त्यात लिहा. पत्र्याचा नवा लॉट आला की पट्टी पुन्हा वाकवा.