आपलं कुत्रं पाहुण्याला चावलं तर: पहिल्या तासापासून कोर्टापर्यंत काय करावं

भाऊबीजेचा दिवस होता. माझ्या आत्तेबहिणीचे यजमान इचलकरंजीहून आले होते. ते यंत्रमागावर काम करतात. ताटातली करंजी खाली पडली, ती उचलायला ते वाकले आणि शेजारी बसलेल्या आमच्या मोत्यानं त्यांचा हात धरला. लगेच सोडलाही, पण मनगटाच्या वर चार दात उमटले होते आणि त्यातल्या एका ठिकाणी कातडी उलटली होती. शेजारच्या आजी धावत आल्या त्या तिखटाचा डबा घेऊनच.

त्या दिवशी आम्ही काही गोष्टी बरोबर केल्या आणि एक मोठी चूक केली. दवाखान्याच्या व्हरांड्यात माझा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, ताटापाशी तुम्हीच हात घातलासा की." दीड महिन्यानं त्यांच्या वकिलाची नोटीस आली. ती पैशापेक्षा त्या वाक्यामुळं आली, असं मला आजही वाटतं. घरात कुत्रं आहे आणि दारात पाहुणेही येतात, अशा प्रत्येकाला पुढचं सगळं आधीच माहीत असावं, म्हणून हे लिहितो आहे.

आधी जखम

पहिलं काम म्हणजे नळाखाली हात धरणं. वाहतं पाणी आणि साबण, पूर्ण १५ मिनिटं, घड्याळ बघून. दोन मिनिटांत पाहुणा म्हणतो "बास झालं", पण सोडायचं नाही. रेबीजचा विषाणू जखमेतून धुऊन काढायचा हा सगळ्यात साधा आणि खात्रीचा उपाय आहे. तिखट, हळद, चुना, तेल यातलं काहीही लावू नका. आजींच्या हातातला डबा आईनं हळूच काढून घेतला, तेव्हा त्या रुसल्या, पण ते गरजेचं होतं. जखम घट्ट बांधायचीही नाही.

मग लगेच डॉक्टर. आमच्या कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, आणि सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. दंडात लस घेतली तर साधारण ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी डोस असतात. कातडीत देण्याच्या पद्धतीत १४ व्या दिवसाचा डोस नसतो. कातडी फाटून रक्त आलं असेल, तर लसीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन द्यावं लागतं. धनुर्वाताचंही विचारून घ्या.

"आमच्या कुत्र्याला लस दिली आहे, तुम्हाला कशाला इंजेक्शन?" हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं. पुढं पाहुण्यानं लस टाळली आणि काही विपरीत झालं, तर तुमचं हेच वाक्य तुमच्यावर येईल.

पाहुण्याबरोबर स्वतः जा, पैसे तुम्ही भरा, आणि प्रत्येक पावतीचा फोटो काढून ठेवा. खर्च दिला म्हणजे गुन्हा कबूल केला, अशी भीती अनेकांना वाटते. तसं नाही. निष्काळजीपणा झाला हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावरच राहते. मात्र व्हॉट्सॲपवर "सगळी चूक आमचीच" असं भावनेच्या भरात लिहू नका, आणि "तुमचीच चूक" असं तर मुळीच नको. "कसं वाटतंय, उद्याच्या डोसला मी न्यायला येतो" एवढं पुरे. पुढच्या डोसच्या तारखा आपल्याच कॅलेंडरवर लिहा.

पुढचे दहा दिवस कुत्र्याचे

चावलेलं कुत्रं दहा दिवस घरात, नजरेखाली ठेवायचं. त्या काळात ते धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं डॉक्टर धरतात आणि उरलेल्या डोसचा निर्णय घेतात. पण दहा दिवसांची वाट बघत पाहुण्याचे उपचार अडवायचे नाहीत, ते पहिल्या दिवसापासूनच सुरू करायचे. पशुवैद्याकडून पहिल्या आणि दहाव्या दिवशी तपासून लेखी घ्या.

घाबरून काही लोक रात्रीत कुत्रं गाडीत घालतात आणि पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या रस्त्याला सोडून येतात. कळकळीनं सांगतो, असं करू नका. कुत्रं नाहीसं झालं की पाहुण्याला सगळे डोस धास्तीतच घ्यावे लागतात, आणि पुरावा लपवल्याचा संशय तुमच्यावर येतो. पाळीव प्राणी असा सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. कुत्र्याला मारून टाकलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

त्याच रात्री कागद

लसीचं पुस्तक, महापालिकेच्या नोंदणीचा कागद, जिथं घडलं त्या जागेचे फोटो, पट्टा, फाटक. सीसीटीव्ही असेल तर चित्रण लगेच दुसरीकडं उतरवून घ्या, कारण ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. आणि त्याच रात्री एका पानावर घडलं तसं लिहून काढा: किती वाजता, कोण कुठं उभं होतं, कुत्रं बांधलेलं होतं का मोकळं, पाहुण्याला आधी सांगितलं होतं का. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टही लिहा. माझ्या पानावर "मोत्या ताटापाशी मोकळा होता" असं स्वच्छ लिहिलेलं आहे. वकिलाला खरं सांगितलं तरच तो कामाचा सल्ला देऊ शकतो.

विमा असेल तर कंपनीला ताबडतोब कळवा. पाळीव प्राण्यांच्या आणि घराच्या काही पॉलिसींत तिऱ्हाइताच्या इजेचं संरक्षण असतं, पण कंपनीला न विचारता भरपाई कबूल केली तर दावा अडू शकतो.

कायदा नेमकं काय बघतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २९१ नुसार, ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये एवढी पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इजा झाली असेल तर जोडीला कलम १२५ लागू शकतं, आणि इजा गंभीर असेल तर त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

म्हणजे प्रश्न असतो तो तुम्ही काय केलंत याचा. मुंबईत २०१० मध्ये गाडीतल्या रॉटवायलर कुत्र्यानं एका वृद्धाला चावलं. गाडीचं दार उघडू नका असं सांगूनही मालकानं ते उघडलं होतं. २०२३ मध्ये गिरगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. खटला संपायला गेलेली वर्षंही त्यात मोजा.

"कुत्र्यापासून सावध" ही पाटी असली की सुटलो, असं समजू नका. तुम्हीच जेवायला बोलावलेल्या माणसाला पाटी दाखवून भागत नाही. उलट कुत्रं चावरं आहे हे तुम्हाला माहीत होतं, असा अर्थ समोरचा वकील काढू शकतो. आधी कुणाला चावलं असेल तर जबाबदारी आणखी वाढते. पाहुण्यानं मुद्दाम डिवचलं असेल तर भरपाई कमी होऊ शकते, पण लहान मुलाच्या बाबतीत हा मुद्दा फारसा टिकत नाही.

आणखी एक. "एका दाताला दहा हजार" असा मेसेज फिरत असतो. तो २०२३ च्या पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या निकालातला आहे, आणि तो निकाल भटक्या, मोकाट जनावरांबद्दल सरकारनं द्यायच्या भरपाईचा आहे. आपल्या घरच्या कुत्र्याचा हिशेब त्यावरून कुणी मांडत असेल तर वकिलाला दाखवा.

पोलीस आले, नोटीस आली

कलम २९१ चा गुन्हा जामीनपात्र आहे. पोलीस बहुधा हजर राहायची लेखी नोटीस देतात. त्या तारखेला कागद घेऊन जा. ओळखीच्या नगरसेवकाला फोन लावून पाहुण्यावर दबाव आणणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

वकिलाची नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्या. दिवाणी दावा झाला तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, आणि कोर्टानं मुभा दिली तर ९० दिवसांपर्यंत. गप्प बसलात तर दावा एकतर्फी चालतो.

तडजोड करायची असेल तर गुन्हा दाखल होण्याआधी करा. कारण कलम २९१ चा गुन्हा दोघांनी ठरवलं म्हणून खालच्या कोर्टात मिटवता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. पूर्वी आपल्याला त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं आहे, त्यामुळं हेलपाटा वाचला, पण खर्च आणि वेळ जातोच.

आमचं प्रकरण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालतीत गेलं. दावा दाखल होण्याआधीही तिथं जाता येतं. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. दाजींनी तीन गोष्टी मांडल्या होत्या: औषधांचा उरलेला खर्च, बारा दिवसांची बुडालेली मजुरी आणि हातावरचा वण. मजुरीचा हिशेब मालकाच्या वहीवरून निघाला, त्यावर वाद झालाच नाही. वणाची रक्कम ठरायला वेळ लागला. पैसे धनादेशानं दिले, रोख नाही. पॅनेलपुढं भाऊ उठून म्हणाला, "दाजी, त्या दिवशी मी चुकीचं बोललो." त्यानंतर रकमेवरची घासाघीस पाच मिनिटांत संपली.

पुढच्या पाहुण्याआधी

आमच्याकडं आता पाहुणे यायच्या आधी मोत्या मागच्या खोलीत जातो, त्याची ताटली तिथंच असते. दारात साखळीनं बांधणं आम्ही बंद केलं. बांधलेलं कुत्रं जास्त बिथरतं. जेवताना, झोपेत असताना त्याच्याजवळ कुणी जात नाही. अंग ताठ झालं, जीभ सारखी ओठांवरून फिरायला लागली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला की त्याला लगेच बाजूला नेतो. रेबीजच्या लसीची तारीख दर वर्षी दिवाळीआधीच येईल अशी बसवून घेतली आहे.

दाजींचा धाकटा मुलगा आला की त्याला मोत्याला बघायचं असतं. मी पट्टा हातात गुंडाळून अंगणात बसतो आणि तो उंबऱ्याच्या आतून बघतो.